खऱ्या नावाने खेळलेला मुलगा

एका आपांचे पत्र गेले दोन महिने आमच्या टेबलावर पडून आहे. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा. फुटबॉल चांगला खेळतो म्हणून दूरच्या शहरात वसतिगृहात राहून शिकतो. घरात त्याचे नाव शमसुद्दीन. मैदानावर मात्र प्रशिक्षकांपासून सोबत्यांपर्यंत सगळे त्याला 'सॅम' म्हणतात. सुट्टीत घरी आला तेव्हा दादीने हाक मारली आणि पहिल्या हाकेला त्याने ओ दिली नाही. "मूल खूश आहे, अभ्यास ठीक आहे, नमाजही सोडत नाही. मग मलाच का खुपते आहे? मीच जुन्या विचारांची आहे का?" असे आपांनी विचारले आहे.

आम्ही अनेकदा उत्तर लिहायला बसलो आणि दर वेळी एका शाळेची, तिच्या फुटबॉल संघाची गोष्ट आठवून थांबलो. शेवटी ठरवले की ती गोष्टच लिहावी. ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अमेरिकेतली आहे. तिथल्या मूळनिवासी मुलांची आहे, ज्यांना आपण शाळेच्या पुस्तकात 'रेड इंडियन' म्हणून वाचले.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाचे गाव आहे. तिथल्या सैन्याच्या जुन्या बराकींमध्ये १८७९ साली कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. पश्चिमेकडच्या मैदानी प्रदेशात या जमातींशी सरकारच्या लढाया तेव्हा पुरत्या संपलेल्याही नव्हत्या. प्रॅट स्वतः त्या लढायांत लढला होता. पण त्याला वाटे की ही माणसे मुळात कमी नाहीत, त्यांना गोऱ्यांसारखे वाढवले की झाले. त्या काळच्या मानाने हा विचार उदार समजला जाई. पुढे एका भाषणात त्याने आपले धोरण उघडच सांगितले: माणसातला 'इंडियन' मारून टाका आणि माणूस वाचवा.

मारून टाकायचे म्हणजे काय, ते मुलांना पहिल्या दिवसापासून कळे. हजारो मैलांवरून रेल्वेने आलेल्या मुलांचे लांब केस कापले जात. लकोटा लोकांत केस कापतात ते घरात मृत्यू झाल्यावर, शोक म्हणून. त्यामुळे पहिल्या तुकडीतली मुले केस गेल्यावर रात्री आक्रोश करू लागली. घरचे कपडे गेले, लष्करी गणवेश आला. मातृभाषेत बोलणे हा गुन्हा ठरला. आणि मग नाव. पहिल्या तुकडीत ओता क्ते नावाचा एक लकोटा मुलगा होता. फळ्यावर बाईंनी काही खुणा लिहून ठेवल्या होत्या. त्याच्या हातात छडी दिली आणि त्यातल्या एका खुणेकडे दाखवायला सांगितले. त्याने दाखवली. तेव्हापासून तो ल्यूथर झाला. त्या खुणांचा अर्थ काय हे त्याला माहीत नव्हते. पुढे ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावाने तो लेखक झाला आणि हा प्रसंग त्यानेच लिहून ठेवला.

अर्धा दिवस अक्षरओळख आणि हिशेब, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवण, धुलाई. उन्हाळ्यात सुट्टी लागली तरी बहुतेकांना घरी पाठवत नसत, आसपासच्या गोऱ्या कुटुंबांकडे शेतावर किंवा घरकामाला ठेवत. क्षय आणि साथीच्या आजारांनी मुले जात. शाळेच्या आवारातच कब्रस्तान झाले. तिथे १८० च्या आसपास कबरी होत्या.

या शाळेचा फुटबॉल संघ एके काळी सगळ्या अमेरिकेत गाजत होता.

इथे एक खुलासा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचे आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा महाविद्यालयांचा खेळ होता. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, पेनसिल्व्हेनिया ही त्यातली बडी घराणी. खेळ इतका रानटी की मुले मैदानावर मरत. मृत्यू इतके झाले की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना बड्या महाविद्यालयांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज द्यावी लागली. त्यानंतर नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला १९०६ पासून परवानगी मिळाली. त्यामुळे नुसत्या वजनापेक्षा वेग आणि डोके यांना किंमत आली.

कार्लाइल खरे तर महाविद्यालय नव्हतेच. ती कामकाज शिकवणारी शाळा होती आणि तिथून पुरा अभ्यासक्रम संपवून बाहेर पडणारे फार थोडे. पण खेळाडू वयाने मोठे होते, तेव्हा सामने महाविद्यालयांशी ठरत. सुरुवातीला एका मुलाचा पाय मोडला म्हणून प्रॅटने खेळ बंद केला होता. १८९३ मध्ये चाळीसेक मुले त्याच्यापुढे उभी राहिली आणि त्यांनी परवानगी मागितली. त्याने दोन अटी घातल्या. समोरच्याने गुद्दा मारला तरी तुम्ही मारायचा नाही, कारण तुम्ही मारलात तर लोक म्हणतील, पाहा, शेवटी रानटी ते रानटीच. आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत बलाढ्य संघाला हरवून दाखवायचे.

पहिली अट आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. दुसऱ्याच्या मुलाने मारामारी केली तर ती मारामारी असते, आपल्या मुलाने केली तर ती कौमची ओळख ठरते. घरोघरी वालिदैन मुलाला बाहेर पाठवताना हेच बजावतात.

१८९९ मध्ये ग्लेन वॉर्नर हा प्रशिक्षक आला. लोक त्याला 'पॉप' म्हणत. मधली काही वर्षे सोडली तर १९१४ पर्यंत संघ त्याच्याच हाती होता. डोकेबाज माणूस. कार्लाइलची मुले इतर संघांपेक्षा हलकी, म्हणून त्याने वेगावर आणि हुलकावणीवर भर दिला. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध चेंडू चक्क एका खेळाडूच्या सदऱ्यात पाठीमागे लपवला गेला. हार्वर्डचे खेळाडू मैदानभर शोधत राहिले आणि तो मुलगा शांतपणे गोलरेषेपार जाऊन पोचला. तो सामना कार्लाइलने एका गुणाने गमावला, पण लोक अजून तो सदरा आठवतात. १९०७ मध्ये याच मुलांनी पेनसिल्व्हेनियाला २६-६ असे हरवले.

वर्तमानपत्रे कौतुक करत, पण कसे? कार्लाइल जिंकले की 'कत्तल', 'टोळीचा हल्ला', 'कुऱ्हाडी परजल्या' असे मथळे, आणि सोबत पिसे खोचलेल्या माणसाचे व्यंगचित्र. खेळाडूचे केस कापलेले, अंगात गणवेश, तोंडात इंग्रजी. आयुष्य बदलून झाले होते. मथळा बदलला नाही.

आता १९१२ च्या हंगामाकडे येऊ.

संघाचा कर्णधार होता जिम थॉर्प. साक आणि फॉक्स जमातीचा, आजच्या ओक्लाहोमातला. घरच्यांनी ठेवलेले त्याचे नाव वा-थो-हुक, म्हणजे उजळ वाट. जुळा भाऊ लहानपणी गेला, मग आई. १९०४ मध्ये तो कार्लाइलला आला आणि काही काळातच वडीलही गेले. त्या उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने पाच खेळांची पेंटॅथलॉन आणि दहा खेळांची डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. त्याच शाळेतल्या लुई तेवानिमा या होपी जमातीच्या मुलाने दहा हजार मीटर धावण्यात रौप्य जिंकले. न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली. ज्या देशासाठी ही पदके आली, त्या देशात सर्व मूळनिवासींना नागरिक मानणारा कायदा व्हायला अजून बारा वर्षे होती.

सप्टेंबरात थॉर्प परत मैदानावर आला. पहिला सामना २१ सप्टेंबरला, शेवटचा २८ नोव्हेंबरला. दहा आठवड्यांत चौदा सामने. शाळेचे मैदान लहान आणि मोठ्या शहरांत तिकिटांचा गल्ला मोठा, म्हणून बडे सामने सगळे बाहेर. मुले सगळा शरद ऋतू रेल्वेच्या डब्यात काढत. शनिवारी २६ ऑक्टोबरला त्यांनी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनला ३४-२० असे हरवले आणि सोमवारी ती कॅनडात टोरंटोला खेळत होती. वर्ग कधी भरत असतील कोण जाणे.

सुरुवातीचे सामने एकतर्फी झाले. डिकिन्सनला ३४-०, व्हिलानोवाला ६५-०. पाचव्या सामन्यात वॉशिंग्टन अँड जेफरसनने ०-० असे रोखून धरले. मग सिरॅक्यूजला ३३-०. याच संघाने आदल्या वर्षी कार्लाइलला हंगामातला एकमेव पराभव एका गुणाने दिला होता, तेव्हा हा हिशेब पुरा झाला. पिट्सबर्गला ४५-८.

आणि मग ९ नोव्हेंबर, वेस्ट पॉइंट.

वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकन सैन्याचे अधिकारी घडवणारी संस्था. हडसन नदीच्या काठी, उंचावर. कार्लाइलच्या मुलांसाठी हा साधा सामना नव्हता. बावीस वर्षांपूर्वी, डिसेंबर १८९० मध्ये, वूंडेड नी इथे सैन्याने लकोटा स्त्रिया-मुलांसह शेकडो माणसे मारली होती. खेळाडूंच्या जन्माच्या आसपासची ही गोष्ट, घरातल्या मोठ्यांनी पाहिलेली. सांगतात की सामन्याआधी वॉर्नरने मुलांना एवढेच म्हटले: यांच्या बापांनी तुमच्या बापांना मारले आहे, हे लक्षात ठेवा. शब्द कसेही असोत, मुलांना आठवण करून द्यायची गरज असेल असे आम्हाला वाटत नाही.

वॉर्नरने या सामन्यासाठी नवी रचना बसवली होती. दोन धावपटू मागे ठेवण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या टोकांना उभे करायचे. चेंडू कोणाकडे जाणार, धावणार की फेकणार, हे समोरच्याला शेवटपर्यंत कळू नये. ही चाल मैदानावर चालवायची जबाबदारी गस वेल्श या ओजिब्वे मुलाची. तोही अनाथ, अंगाने बारीक, डोक्याने तल्लख.

पहिले गुण सैन्याच्या संघाने मिळवले, पण त्यानंतरची जादा गुणाची लाथ चुकली. ६-०. मग कार्लाइलच्या जो बर्गीने चेंडू रेषेपार नेला आणि थॉर्पने लाथ बरोबर घातली. मध्यंतराला ७-६.

दुसऱ्या सत्रात सैन्याचा कर्णधार लीलंड डेव्होर याचा तोल गेला. डेव्होर म्हणजे धिप्पाड गडी. त्याच्या समोर उभा होता जो गायन, पुन्हा ओजिब्वेच आणि वजनाने बराच कमी. गायन त्याला हलू देईना. शेवटी डेव्होरने त्याच्यावर आडदांडपणा केला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले. आम्ही हे आनंदाने लिहिले असते, पण खरे सांगायचे तर कार्लाइलच्याही एका खेळाडूला, पॉवेलला, ठोसा मारल्याबद्दल बाहेर जावे लागले. प्रॅटची जुनी अट त्या दिवशी पाळली गेली नाही.

सैन्याच्या संघात एक तरुण होता, ड्वाइट आयझेनहॉवर. पुढे हाच दुसऱ्या महायुद्धातला सरसेनापती आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. त्याने आणि एका सोबत्याने ठरवले होते की थॉर्पला एकाच वेळी वरून आणि खालून धडक देऊन कायमचे बाहेर बसवायचे. धडक झाली, पण बाहेर जावे लागले ते या दोघांना. म्हातारपणीही आयझेनहॉवर थॉर्पचे नाव आदराने घेत असे.

त्या दिवशी थॉर्प वारंवार दोन-तीन जणांना अंगावर घेऊन पुढे जात होता. पण गुणफलकात त्याचे नाव फारसे दिसत नाही. तीन टचडाऊन केले ते अलेक्झांडर आर्कासाने. सगळा विरोधी संघ थॉर्पच्या मागे धावत होता आणि आर्कासा मोकळा सुटत होता. शेवटी २७-६. सैन्याला दुसऱ्या सत्रात एकही गुण मिळाला नाही.

पुढच्याच शनिवारी ही मुले पेनसिल्व्हेनियाकडून ३४-२६ अशी हरली. थकली असावीत. त्यानंतर स्प्रिंगफील्ड आणि ब्राउन यांना हरवून हंगाम संपला. बारा विजय, एक बरोबरी, एक हार. चौदा सामन्यांत ५०४ गुण.

या गुणांतून येणारा पैसा कुठे जात होता? गल्ल्यातला वाटा शाळेच्या क्रीडानिधीत जमा होई. तो सरकारी हिशेबाबाहेरचा, वॉर्नर आणि शाळेचे अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांच्या मर्जीतला. त्यातून इमारती झाल्या, प्रशिक्षकाचे घरही झाले. १९१४ मध्ये मुलांनीच अर्ज केला. दोनशेहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि पुढाकार घेतला तो गस वेल्शने, म्हणजे वॉर्नरच्या चाली मैदानावर चालवणाऱ्या मुलानेच. अमेरिकन काँग्रेसची चौकशी समिती शाळेत आली. मुलांनी साक्ष दिली: जेवण अपुरे, शिक्षा क्रूर, पैशाचा हिशेब नाही, प्रशिक्षक शिवीगाळ करतो. वेल्शनेही वॉर्नरविरुद्ध साक्ष दिली. फ्रीडमनची गच्छंती झाली. वॉर्नर पिट्सबर्गला निघून गेला आणि तिथे आणखी यशस्वी झाला. आजही त्याचे नाव अमेरिकेत मुलांच्या फुटबॉल संघटनेला आहे.

पण त्याआधी, जानेवारी १९१३ मध्ये, एका वर्तमानपत्राने बातमी छापली की जिम थॉर्पने १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला आहे. तेव्हा ऑलिंपिकचा नियम होता की ज्याने खेळाचे पैसे घेतले तो पात्र नाही. पैसे तसे किरकोळ होते, एका मजुराच्या उन्हाळ्याच्या कमाईसारखे. शाळा मुलांना उन्हाळ्यात कुठेतरी मजुरीला पाठवतच होती. थॉर्पने शेतात कुदळ मारण्याऐवजी चेंडू मारला, एवढेच.

आणि असे करणारा तो एकटा नव्हता. बड्या महाविद्यालयांची गोरी मुले तिथेच, त्याच उन्हाळ्यात पैसे घेऊन खेळत. ती खोट्या नावाने खेळत. हंगाम संपला की खरे नाव घेऊन महाविद्यालयात परत, आणि पुन्हा हौशी खेळाडू म्हणून मिरवायला मोकळी. हे सगळ्यांना ठाऊक होते. थॉर्प मात्र स्वतःच्या नावाने खेळला. त्यामुळे त्याचे नाव संघांच्या नोंदीत सापडले.

इथे आम्ही दर वेळी अडखळतो. ज्या शाळेने मुलांची नावे छडीने बदलली, त्या शाळेतल्या एका मुलाला स्वतःचे नाव लपवायचे सुचले नाही. आणि तो सापडला तेव्हा अधीक्षक आणि प्रशिक्षक दोघांनी सांगितले की आम्हाला काहीच माहीत नव्हते. थॉर्पच्या नावाने एक माफीपत्र गेले, ते वॉर्नरनेच तयार केले असे मानले जाते. त्यात हेच लिहिले होते की दुसऱ्यांनी खोटी नावे घेतली, मी घेतले नाही. मी साधा इंडियन शाळकरी मुलगा, मला कळले नाही. वर्षानुवर्षे ज्याच्या संघात तो खेळला, त्या माणसाला तो उन्हाळ्यात कुठे होता हे माहीत नसेल, यावर थॉर्पचे सोबती विश्वास ठेवत नव्हते.

पदके गेली. खेळाच्या नियमातच लिहिलेले होते की हरकत तीस दिवसांत घ्यायला हवी, आणि इथे सहा महिने उलटले होते. तो नियम कोणी वाचला नाही. ज्यांना सुवर्ण देऊ केले त्या नॉर्वे आणि स्वीडनच्या खेळाडूंनीही थॉर्पलाच विजेता मानले. थॉर्पने पुढे व्यावसायिक बेसबॉल आणि फुटबॉल खेळला, चित्रपटांत छोटी कामे केली, खंदक खणले. दारूनेही त्याला पोखरले. १९५३ मध्ये तो वारला. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याचे नाव परत घेतले, पण 'संयुक्त विजेता' म्हणून. एकट्याच्या नावावर सुवर्ण आले ते जुलै २०२२ मध्ये. त्याच्या मृत्यूला तेव्हा एकोणसत्तर वर्षे झाली होती.

आपल्याकडे याच काळात एक वेगळा प्रयोग चालू होता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. कार्लाइलच्या चार वर्षे आधी, १८७५ मध्ये, सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला मदरसा सुरू केला आणि त्याचे कॉलेज झाले. तेही पराभवानंतरचेच पाऊल होते, १८५७ नंतरचे. तिथेही इंग्रजी शिकवत, तिथेही गणवेश होता, तिथेही इंग्रजांचा खेळ, क्रिकेट, जोरात होता. मौलाना शौकत अली त्या क्रिकेट संघाचे कप्तान होते. पण तिथे मुलाची उर्दू त्याच्या तोंडात राहिली, मशीद आवारात होती आणि हजेरीपटावर घरचे नाव होते. सर सय्यदांवर टीका करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आमचेही काही मतभेद आहेत. तरी ती शाळा कौमने स्वतः वर्गणी काढून उभी केली होती.

कार्लाइलची शाळा १९१८ मध्ये बंद झाली. बराकी सैन्याकडे परत गेल्या. तिथे आज सैन्याचे उच्च शिक्षण देणारे महाविद्यालय आहे आणि आवाराच्या कडेला पांढऱ्या दगडांच्या रांगा. काही दगडांवरची नावे चुकीची कोरलेली आहेत, काहींवर नुसते 'अज्ञात'. ज्या नावाने मूल दफन झाले तेही त्याचे नव्हतेच, शाळेने दिलेले होते. २०१५ मध्ये दक्षिण डकोटातल्या रोझबड लकोटा वस्तीतली काही शाळकरी मुले वॉशिंग्टनहून परतताना तिथे थांबली आणि त्यांनी मोठ्यांना विचारले, यांना आपण घरी का नेत नाही? सहा वर्षांच्या खटपटीनंतर, २०२१ मध्ये, त्यांच्या नऊ मुलांचे अवशेष घरी नेऊन त्यांच्या मातीत ठेवले गेले. इतर जमातीही आपली मुले नेत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी अशा सगळ्या निवासी शाळांबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली.

थॉर्प मात्र घरी गेला नाही. ओक्लाहोमात त्याच्या जमातीचे अंत्यविधी चालू असताना त्याची तिसरी पत्नी पोलीस घेऊन आली आणि शव उचलून नेले. पेनसिल्व्हेनियातल्या एका डबघाईला आलेल्या गावाने स्मारक बांधायचे कबूल केले, आपले जुने नाव टाकले आणि 'जिम थॉर्प' हे नाव घेतले. त्या गावाशी जिवंतपणी त्याचा काही संबंध नव्हता. मुलगे न्यायालयात गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. तो तिथेच आहे.

आपा, शमसुद्दीनला कोणी छडी दाखवून सॅम केलेले नाही, हे आम्हाला कळते. प्रशिक्षकांची जीभ अडखळली असेल, मित्रांना लाड वाटला असेल, त्यालाही ते आवडले असेल. भांडायला जाऊ नका. पण तुम्हाला जे खुपते ते जुने विचार नव्हेत. वसतिगृहाच्या नोंदीत, संघाच्या यादीत, प्रमाणपत्रावर त्याचे नाव कसे लिहिले आहे ते एकदा पाहून घ्या आणि चूक असेल तर लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. दादीला सांगा, हाक पूर्ण नावानेच मारत राहा. आणि हा अंक त्याच्याकडे पाठवा. खेळणारा मुलगा आहे, आर्कासाचे तीन टचडाऊन त्याला आवडतील.